सात फुटांच्या आसपास: प्लेझर पॉइंटवरच्या मिड-लेंग्थ नोंदी

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

वहीचं पहिलं पान. काम असं ठरवलंय: सप्टेंबर ते नोव्हेंबर असे तीन महिने, एकच जागा, आणि सात फुटांच्या आसपासचे वेगवेगळ्या घडणीचे सर्फबोर्ड. जागा कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा प्लेझर पॉइंट, त्यातही सेकंड पीक या लाट उठायच्या जागेपासून अडतिसाव्या अव्हेन्यूसमोरपर्यंतचा पट्टा. इथे तळाला खडक आहे, त्यामुळे लाट रोज साधारण त्याच ठिकाणी उभी राहते आणि उजवीकडे फुटत जाते. वाळूच्या किनाऱ्यावर असली तुलना करण्यात अर्थ नाही, तिथे तळच आठवड्याला बदलतो.

कारण साधं आहे. डिसेंबरात नवीन बोर्ड करून घ्यायचाय. वय ४८, वजन ७८ किलो, उजवा खांदा पूर्वीसारखा साथ देत नाही. सहा फुटी बोर्डवर आता लाट हाती लागत नाही, नऊ फुटी घेऊन गर्दीत उतरलं की मोठ्या सेटखाली, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांखाली, तो सांभाळता येत नाही. राहिला मधला पल्ला, साडेसहा ते आठ फूट. दुकानात गेलं की पहिला प्रश्न लांबीचाच येतो: सात-दोन देऊ की सात-सहा? पण गेल्या दोन वर्षांत मी एकाच लांबीचे तीन बोर्ड चालवले आणि तिघांची चाल एकमेकांशी जुळली नाही. म्हणजे प्रश्न कुठेतरी चुकतोय.

या मधल्या आकारांचा इतिहासही मला खुणावतो. १९६६ साली सॅन डिएगोला जागतिक स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने ९ फूट ४ इंचांच्या बोर्डवर जिंकली. पुढच्या चार वर्षांत बोर्ड सात फुटांपर्यंत आणि त्याखाली उतरले. त्या घाईत जे आकार जन्मले ते पुरते उमगायच्या आतच मागे पडले. आज आपण ज्याला मिड-लेंग्थ म्हणतो ते बरंचसं त्या चार वर्षांचं राहून गेलेलं काम आहे.

१ सप्टेंबर

मोजमापं. बोर्ड तोलायला सामानाचा काटा काढला, भारतात जाताना बॅगा तोलतो तोच.

एग, माझा स्वतःचा: ७ फूट ४ इंच, रुंदी साडेएकवीस इंच, जाडी पावणेतीन इंच, आकारमान अंदाजे ४६ लिटर, ५ किलो. नावाप्रमाणे अंड्यासारखा, सगळ्यांत रुंद भाग जवळपास मध्यावर, टेल (मागचं टोक) गोल. तळाला मागे मधे एक मोठी फिन (पाण्यात धरून ठेवणारं पातं), बाजूला दोन छोट्या. सॅन डिएगोच्या स्किप फ्राय यांनी या आकाराला जे रूप दिलं, त्याच घराण्यातला.

ट्विन, गेल्या महिन्यात जुना विकत घेतलेला: ७ फूट, रुंदी २१, ४१ लिटर, ४.१ किलो. टेल निमुळती, मधली फिन नाही, कडेला दोन उभ्या फिन्स. टेलजवळ रेलची (बोर्डच्या बाजूच्या काठाची) कड धारदार.

तिसरा अजून हातात नाही. शनिवारी पाण्यात भेटणारे सत्तरीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये १९७० च्या दशकातल्या पद्धतीचा एक हल, म्हणजे होडीसारख्या गोल तळाचा बोर्ड, आहे, तो ते ऑक्टोबरात देणार आहेत.

याच सांताक्रूझ गावात १८८५ साली सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशी हवाईच्या तीन राजपुत्रांनी इथल्या रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या होत्या. पाच किलोचा बोर्ड बगलेत धरून जिना उतरताना मला त्या फळ्या नेहमी आठवतात.

७ सप्टेंबर

घरी गणपती. पाण्यात नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार. एग

घरून, सॅन होजेहून, पाचला निघालो, हायवे १७ मोकळा होता. लाट कमरेएवढी, पाणी स्वच्छ, वारा नाही. दोन तासांत १४ लाटा मिळाल्या. प्रत्येक लाटेसाठी किती हात मारावे लागले ते मोजतोय: सरासरी पाच-सहा.

एगचं वागणं अगदी सरळ आहे. उठलात की तो चालू लागतो. सेकंड पीकहून निघालेली लाट मधे एका ठिकाणी मऊ पडते, तिथे पाणी खोल आहे. मग अडतिसाव्यासमोर ती पुन्हा उभी राहते. माझी खरी कसोटी तो मधला मऊ तुकडा आहे. एग तिथे वेग घालवतो, पण थांबत नाही. पाय अर्धं पाऊल पुढे टाकले की तगून पलीकडे पोहोचतो. आज १४ पैकी ९ वेळा पोहोचला.

वळवायला मात्र मागच्या पायावर पूर्ण भार द्यावा लागतो. वळण गोल येतं, लांब येतं. घाई केली की बोर्ड नुसता उभा राहतो.

२१ सप्टेंबर, शनिवार. ट्विन

लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंत. अशा दिवशी मी एरवी गाडीतून उतरलोही नसतो. ट्विनने आज मन जिंकलं. मधली फिन नसल्याने पाण्यात ओढ कमी, आणि दोन्ही फिन्स रेलच्या जवळ असल्याने बोर्ड थोडा कलला तरी एक फिन लगेच कामाला लागते. इवल्याशा लाटेवरही घोट्याच्या हालचालीने वळत होता. पण हात जास्त मारावे लागले, सरासरी आठ. ४१ आणि ४६ लिटरमधला फरक खांद्याला कळतो.

केल्पचा त्रास. ओहोटीला या पट्ट्यात केल्पचे, म्हणजे लांब समुद्री शेवाळाचे, झुपके वर येतात. ट्विनच्या उभ्या फिन्स त्यात दोनदा अडकल्या आणि मी पुढे फेकला गेलो. एगची फिन मागे झुकलेली आहे, केल्प तिच्यावरून घसरून जातो. फिन निवडताना हे लक्षात ठेवायला हवं.

२८ सप्टेंबर, शनिवार. ट्विन आणि एग, एकाच सकाळी

दक्षिणेचा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून आलेल्या लाटा. मॉन्टेरे बेच्या बॉयवर (समुद्रातल्या तरंगत्या मापनयंत्रावर) १६ सेकंदांचा पीरियड (दोन लाटांमधला वेळ) दिसत होता. न्यूझीलंडच्या खालच्या समुद्रात वादळ उठतं, त्याची लाट इथे यायला आठवड्याहून जास्त लागतो. खोल पाण्यात १६ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी जेमतेम ४५ किलोमीटरने चालतो आणि अंतर दहा हजार किलोमीटरच्या घरात. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी १९६३ साली अशाच लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला होता. दगडावर पोहोचते ती अशी दमानं चालत आलेली लाट, आणि तिच्यातली ताकद जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटेत कधीच नसते.

छातीएवढी लाट, सेट डोक्यापर्यंत. पहिला तास ट्विन. खाली उतरून पहिलं वळण घेताना टेल बाहेर सरकली. पुन्हा घेतलं, पुन्हा सरकली. उभ्या भिंतीवर जोर लावला की दोन फिन्सना तो पेलवत नाही. तिसऱ्या-चौथ्या लाटेपासून मी नकळत अर्धाच जोर लावू लागलो. पुढचा पाऊण तास एग. तीच लाट, तेच वळण, आणि मधली नऊ इंची फिन खिळ्यासारखी रुतून बसते. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिन्सचा बोर्ड स्पर्धेत जिंकून दाखवला आणि बघता बघता जग त्याच्या मागे गेलं, त्याचं कारण आज टाचेखाली कळलं. दोन फिन्सच्या मोकळेपणाला मागे एक आधार हवा असतो.

३ ऑक्टोबर

ट्विनमधून पाणी गळतंय. उजव्या फिन-बॉक्सभोवती (फिन बसवायच्या खाचेभोवती) फुगवटा दिसला, वाळूकागद मारला तर खाली जुनी डागडुजी निघाली, वरून रंग मारून झाकलेली. विकणाऱ्याला मी तोंडावर विचारलं होतं, "कुठे फुटलाय का?" तो "नाही" म्हणाला होता. वाईट पैशांचं वाटलं नाही. फोममध्ये पाणी शिरलं की ते आतून पसरत जातं आणि चांगला बोर्ड हळूहळू मरतो. चार दिवस उन्हात सुकवला, फुगलेला भाग कापून काढला, रेझिन आणि कापड घालून पुन्हा भरला. जोड पक्का झालाय. वजन ४.३ किलो भरलं, म्हणजे थोडं पाणी अजून आत आहे.

जुना बोर्ड घेणाऱ्याने फिन-बॉक्सभोवती अंगठ्याने दाबून बघावं. मी दाबलं नव्हतं.

५ ऑक्टोबर, शनिवार. हल

आला. ७ फूट २ इंच, रुंदी २२, ४३ लिटर, ५.४ किलो. जड आहे, जाड काचकापड चढवलंय. उलटा करून लॉनवर ठेवला आणि किती तरी वेळ हात फिरवत बसलो. तळ सपाट नाहीच. नोजपासून (पुढच्या टोकापासून) मध्यापर्यंत पोट आहे, होडीच्या तळासारखं. रेल चिमटीत धरावी इतकी पातळ, कुठेही धार नाही. टेल तर इतकी पातळ की अंगठ्याने दाबली तर वाकेल की काय वाटावं. फिन एकच, लांब, टोकाला लवचिक, आणि नेहमीपेक्षा बरीच पुढे बसवलेली.

ही घडण जॉर्ज ग्रीनो यांच्याकडून आली. सांता बार्बराचा हा माणूस गुडघ्यावर बसून लाटा घ्यायचा. १९६० च्या दशकाच्या मध्यात तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्याच्या लवचिक फिनने बॉब मॅकटॅविश, नॅट यंग या तिथल्या सर्फरांची विचार करण्याची रीतच बदलली. पुढे मालिबूच्या आसपास बोर्ड घडवणाऱ्या ग्रेग लिडल यांनी हा आकार जपला.

पाण्यात मात्र काहीच जमलं नाही. अकरा लाटा, सात वेळा पडलो. उठताक्षणी बोर्ड डगमगतो. मागच्या पायावर भार दिला की टेल बुडते आणि ब्रेक लागल्यासारखा थांबतो. मऊ तुकड्यापलीकडे एकदाही पोहोचलो नाही.

६ ऑक्टोबर, रविवार. हल

तेच. नऊ लाटा, पाच वेळा पडलो.

ते गृहस्थ कठड्यावरून बघत होते. वर आलो तर म्हणाले, "तू त्याला लाथ मारतोयस. दोन्ही पाय एक वीत पुढे घे आणि फक्त कल."

रात्री धाकट्या भावाला फोन लावला. तो मालवणात असतो, घरची होडी तो बघतो. त्याला तळाचं वर्णन करून सांगितलं. तो क्षणभरही थांबला नाही. "दादा, तळ गोल असलो तर होडी पाण्यार बसना नाय, पाण्यात बसता."

मी हे वाक्य वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. तीन महिन्यांत मला जे शोधायचं होतं ते याच्यात आहे. एग आणि ट्विन पाण्यावर बसतात, वेग आला की वर उचलले जातात आणि वरून घसरतात. हल पाण्यात बसतो, पाणी बाजूला सारत जातो. सात फूट आणि सात-दोन. लांबीत दोन इंचांचा फरक, आणि या चारपाच आठवड्यांत मला भेटलेले सगळ्यांत दूरचे दोन बोर्ड हेच.

८ ऑक्टोबर

घरी प्रयोग. लेकीला शाळेत पाण्याच्या प्रवाहाबद्दल शिकवताहेत, तिलाही बोलावलं. सिंकचा नळ बारीक सोडला. वरणाचा डाव दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल धरला आणि त्याची गोल पाठ धारेच्या जवळ नेली. वाटतं पाणी डावाला ढकलेल. उलट होतं. पाठ धारेला टेकली की डाव आत ओढला जातो, पाणी त्याच्या गोलाईला चिकटून वळतं आणि विरुद्ध बाजूला फेकलं जातं. डाव मागे ओढला तर हाताला ताण जाणवतो.

मग उलथनं. त्याच्या सपाट पात्यावरून पाणी वाहत कडेपर्यंत गेलं आणि कडेला सरळ सुटलं. वळलं नाही.

डाव म्हणजे हलची गोल रेल. पाणी तिला बिलगून वर चढतं आणि बोर्डला लाटेच्या भिंतीत ओढून धरतं. उलथन्याची कड म्हणजे ट्विनची धारदार रेल, तिथे पाणी सुटतं, म्हणून बोर्ड मोकळा होतो आणि म्हणूनच भिंतीवरून निसटतोही. लेकीने डाव धारेत पाच-सहा वेळा घातला-काढला आणि विचारलं, "बाबा, मग अर्धा डाव आणि अर्धं उलथनं असा बोर्ड नसतो का?"

असतो. माझा एग तसाच आहे. पुढे गोल रेल, मागच्या तिसऱ्या भागात खाली वळवलेली कड. इतकी वर्षं पायाखाली होता.

१३ ऑक्टोबर, रविवार. हल

पाय पुढे घेतले. आठ लाटा, दोनदाच पडलो. अजून वळत नाही, पण सरळ जाताना आवाज येत नाही हे आज लक्षात आलं. एगखाली छोट्या खळबळीचे टप्पे वाजतात. हलखाली शांतता.

१९ ऑक्टोबर, शनिवार. हल

कोजागिरी होऊन तीन दिवस झालेत, उधाण अजून ओसरलेलं नाही. सकाळी भरतीला पाणी भिंतीपर्यंत भिडतं आणि लाट फुटतच नाही, म्हणून दुपारी उतरलो. सुकती खोल जाणार होती, केल्प वर दिसत होता. लाट छातीएवढी, दोन सेटमध्ये बराच वेळ.

पहिल्या पाच लाटा नेहमीसारख्या गेल्या. सहावी सेकंड पीकच्या जरा आतून मिळाली. उठलो, पाय आपोआप पुढे पडले, जिथे एगवर मी कधीच उभा राहत नाही तिथे, जवळपास मध्यावर. खाली जायच्या आधीच डाव्या पायाच्या बोटांवर कललो. उजवी रेल भिंतीत गेली. हे मला पायाला कळलं: तळव्याच्या बाहेरच्या कडेखाली पाणी चढत आलं, डाव ओढला गेला होता तसंच. बोर्ड आत ओढला गेला. मी काही केलं नाही. गुडघे थोडे अजून वाकले इतकंच. मग फिन ताणली गेली असावी, कारण कल सोडताच बोर्ड पुढे झेपावला, कुणी मागून हलकेच हात लावावा तसा. वेग इतका होता की मऊ तुकडा आलाच नाही असं वाटलं. अडतिसाव्यासमोर लाट पुन्हा उभी राहिली तेव्हा मी तिच्या खांद्याच्या पुढे होतो, परत मागे यावं लागलं.

नंतर बराच वेळ बाहेर बसून राहिलो, लाटा सोडून दिल्या. अंधार पडेपर्यंत तीन लाटांवर पुन्हा तेच जमलं. बाकी चारांवर नाही. ज्या चारांवर नाही जमलं त्या सगळ्या उशिरा पकडलेल्या, आधीच उभ्या झालेल्या होत्या. हलला लाट लवकर हवी, तिरकी हवी. कड्यावरून उडी मारायची तर हा बोर्ड नको.

२६ ऑक्टोबर. एग, फिन सरकवून

वायव्येचा मोसमातला पहिला स्वेल. एगची मधली फिन बॉक्समध्ये अर्धा इंच पुढे घेतली आणि बाजूच्या दोन काढून टाकल्या. अर्ध्या इंचाने इतका फरक? हो. बोर्ड सैल झाला, पाय पुढे ठेवून रेलवर वळायला तयार झाला. हलने जे शिकवलं ते एगवर उतरतंय. मोठ्या सेटवर मात्र बाजूच्या फिन्सची उणीव भासली, एकदा टेल सुटली.

घड्याळातला जीपीएस वेग आजपासून नोंदवणं बंद. एकाच बोर्डवर एका लाटेला ताशी १९ किलोमीटर, दुसरीला २७. बोर्डाबोर्डांतला फरक लाटालाटांतल्या फरकात बुडून जातो. हा आकडा माझ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

२ आणि ३ नोव्हेंबर. बॉन्झर

दिवाळीचा फराळ डब्यात घेऊन दोन दिवस राहायलाच गेलो. भाड्याने मिळालेला पाच फिन्सचा बॉन्झर, ७ फूट २ इंच, म्हणजे हलइतकाच लांब. ऑक्सनार्डच्या माल्कम आणि डंकन कॅम्पबेल या भावांनी १९७० च्या सुमारास हा विचार मांडला, तेव्हा फिन्स तीन होत्या. टेलकडे तळाला दोन खोल पन्हळी आणि बाजूला आडव्या, कललेल्या छोट्या फिन्स. पाणी पन्हळीत कोंडून मागे सुटावं ही कल्पना.

दोन दिवसांवर मत बनवू नये, तरी लिहितो. उभ्या, ताकदीच्या लाटेवर रुळावरून चालल्यासारखा. मऊ तुकड्यावर मला सगळ्यांत कमी आवडला, पन्हळींना भरायला पुरेसं पाणीच मिळत नव्हतं. जानेवारीतल्या मोठ्या दिवसांचा बोर्ड आहे. माझे तसे दिवस वर्षात सात-आठ.

रविवारी घड्याळं एक तास मागे गेली, सहालाच उजाडू लागलंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार. अदलाबदल

आजची चाचणी सगळ्यांत नेटकी. बायको कठड्यावर वही घेऊन बसली. एग, हल, ट्विन आळीपाळीने, प्रत्येकी चाळीस मिनिटं, आणि मग उलट्या क्रमाने पुन्हा वीस-वीस, म्हणजे भरती-ओहोटीचा फायदा एकालाच मिळू नये. खांदा दुखला, पण पुरं केलं.

मऊ तुकडा पार: एग १२ पैकी ८, हल १० पैकी ७, ट्विन ११ पैकी ३. हात मारणं: एग सहा, हल सात, ट्विन आठ-नऊ. पडणं: एग एकदा, हल तीनदा, ट्विन एकदा.

आकडे दिल्यावर ती म्हणाली, "मी अजून एक लिहिलंय, तू सांगितलं नव्हतंस ते." तिने तीन बोर्डांसमोर माझी उभं राहायची ढब लिहिली होती. ट्विनवर मी सारखा मागे टेलकडे बघतो. एगवर हात खांद्याच्या वर असतात. हलवर हात खाली असतात आणि मी लाटेच्या दूरच्या टोकाकडे बघत असतो. "हलवर तू दमलेला दिसत नाहीस," ती म्हणाली.

मी तीन महिने बोर्ड बघत होतो. तिने माणूस बघितला.

ट्विनवर अन्याय होऊ नये म्हणून लिहून ठेवतो: हा पट्टा त्याचा नाही. छोट्या, झटपट फुटणाऱ्या लाटेवर तो या सगळ्यांच्या पुढे असेल. मागे एक चार इंची फिन बसवायला बॉक्स असता तर २८ सप्टेंबरची सकाळही वेगळी गेली असती.

३० नोव्हेंबर. शेपरशी बोलणं

गावातल्याच एका शेपरकडे, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याकडे, दीड तास बसलो. वही दाखवली. त्यांनीही आधी लांबीच विचारली, मग मी डाव आणि उलथन्याचं सांगितलं तेव्हा खुर्ची पुढे ओढली.

ठरलं ते असं. ७ फूट ३ इंच, रुंदी पावणेबावीस, जाडी पावणेतीन, पण रेल एगपेक्षा पातळ, म्हणजे ४४ लिटरच्या आसपास. नोजखाली हलचं पोट, पण निम्म्याने कमी, मध्याला येईपर्यंत सपाट, आणि शेवटच्या चौदा इंचांत रेलखाली हलकी कड. टेल गोल. काचकापड जाड, कारण हलच्या वजनाने जी चाल धरून ठेवली ती मला हवी आहे. फोम पॉलियुरेथेनच. मी हलका ईपीएस (थर्माकोलसारखा फोम) विचारला होता, ते म्हणाले, खळबळ असलेल्या पाण्यावर तो पत्र्यासारखा वाजेल. ट्विनच्या हलकेपणाचा अनुभव घेतलाय, पटलं.

पोट पूर्ण का नाही, हे मी तिथे बसून स्वतःशी पुन्हा तपासलं. १९ ऑक्टोबरची ती लाट मला हवी आहे, दर आठवड्याला हवी आहे. पण त्या दिवशी तिच्यानंतरच्या सातपैकी चार लाटांवर ते जमलं नाही, कारण गर्दीत लाट लवकर आणि तिरकी मिळणं माझ्या हातात नसतं. उशिरा पकडलेल्या लाटेवर वाचवणारं थोडं उलथनं मला मागे लागणारच.

बाजूच्या फिन्सचे बॉक्स ठेवायचे की नाही यावर दहा मिनिटं गेली. ठेवले. हवं तेव्हा रिकामे ठेवता येतात.

७ डिसेंबर, शनिवार

हल परत केला. सकाळी त्याच्यावर शेवटचा एक तास घेतला, लाट कमरेएवढी, सहा मिळाल्या, चार चांगल्या. गॅरेजमध्ये त्यांनी तो उलटा ठेवला, पाय घसरू नये म्हणून लावलेल्या वॅक्सचा थर नखाने खरवडून बघितला, रेलवरून बोट फिरवलं. कुठे लागलेला नव्हता.

मी नव्या बोर्डची मापं सांगितली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "फिन कुठली?" मी म्हटलं, एगचीच वापरीन. ते काही बोलले नाहीत. पेचकस घेऊन हलची लवचिक फिन सोडवली, तिचं टोक दोन बोटांनी वाकवलं, सोडलं, आणि माझ्या हातात दिली. "बोर्ड मी ठेवतो. ही तुझ्याकडे असू दे, मी आता कुठे रोज उतरतो."

रात्री शेपरना निरोप टाकला: मधला बॉक्स एक इंच पुढे घ्या.

उद्या अष्टमी, भांगाची भरती, पाणी फारसं चढणार नाही. एगमध्ये ही फिन बसवून बघतो.